दिवाळीच्या सुट्टीत सगळं घर पिक्चरला न्यायचंय, कसं जमवायचं?

पूर्वभागातली_सून
नमस्कार मंडळी. भाऊबीजेला दोन्ही नणंदा पोराबाळांसकट येणारेत, घरचे धरून अकरा माणसं होतोय आणि सगळ्यांना एकदम टॉकीजला न्यायचं असं मी मनात धरलंय. सगळ्यात धाकटी ४ वर्षांची, मग एक ९ चा, एक १४ ची, आणि सासूबाई ७२ च्या. पोरं त्यांना अव्वा म्हणतात. त्यांचं सगळं आयुष्य विड्या वळण्यात गेलं ओ, टॉकीजमध्ये शेवटचा पिक्चर कधी बघितला ते त्यांनाच आठवत नाही. टीव्हीवर रोज बघतात पण मला त्यांना एकदा मोठ्या पडद्यासमोर बसलेलं बघायचंय. अडचण अशी की त्यांना तेलुगू नीट कळतं, हिंदी अर्धंमुर्धं, आणि पोरं सगळी मराठी शाळेतली. मागच्या वर्षी आम्ही चौघंच गेलो होतो तर इंटरव्हलनंतर इतकी कापाकापी सुरू झाली की धाकटी रडायलाच लागली, मी तिला घेऊन तासभर बाहेर पायरीवर बसले. पिक्चर कसा निवडायचा, कुठला शो धरायचा? कुणी नेलंय का एवढं खटलं?

दोन_पोरांचा_बाप
ताई पहिलं सेन्सॉरचं सर्टिफिकेट बघा, पिक्चर कुठल्या वयाला चालतो ते त्यावर कळतंय. आता नुसतं यूए नसतंय, २०२४ च्या नियमांपासून यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+ असे तीन भाग केलेत, तिकीट बुक करताना पिक्चरच्या नावाजवळच लिहिलेलं असतंय. ए, म्हणजे फक्त मोठ्यांचा, सोडलं तर गेटवर कुणी अडवत नाही, बाकीचं आईबापांनी ठरवायचं असा त्याचा अर्थ. त्यामुळे १६+ ला पण लोक कडेवर लेकरं घेऊन येतात आणि मग ते लेकरू घाबरून ओरडतंय, मला लय वाईट वाटतं बघून. तुमची धाकटी ४ ची आहे तर यू, म्हणजे सगळ्यांना चालणारा बघा, नाहीतर फारतर ७+, ते पण आधी बघून आलेल्या कुणाला तरी विचारून. आणि लांबी बघा. पावणेतीन तासाचा पिक्चर ४ वर्षांच्या पोरीला झेपत नाही, कितीही चांगला असू दे. थ्रीडी नको, चष्मा लहान पोरांच्या नाकावर राहत नाही आणि अव्वांना आधीचा चष्मा असेल तर त्याच्यावर दुसरा चढवायचा म्हणजे वैतागच.

जुनीमिल_चाळ
सूनबाई, तुमचं वाचून बरं वाटलं म्हणून लिहायलोय. माझे वडील मिलमध्ये होते, दिवाळीचा बोनस हातात पडला की आई, आजी, आत्या, आम्ही भावंडं, शेजारची दोन पोरं, सगळे चालत जायचो पिक्चरला. आईनं भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घेतलेली असायची, इंटरव्हलला फडकं सोडलं की मागच्या रांगेपर्यंत लसणाचा वास. पिक्चरची गोष्ट मला एकाचीही धड आठवत नाही, पण अंधारात आजी माझा हात धरून बसायची ते आठवतंय. भाषेचं म्हणाल तर सोलापुरात तेलुगू पिक्चर लागतातच की, अव्वांच्या भाषेतला धरा. पोरांना कळतंय सगळं, गाणी आणि मारामारीला कुठली भाषा लागतीय. चार गोष्टी अव्वा कानात सांगतील, त्यांना पण तेवढंच बरं वाटेल.

सातरस्ता_कट्टा
वरच्या काकांशी सहमत. पैशाचं सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी १२ चा ५ टक्के झालाय, त्याच्यावरच्या तिकिटाला १८ च आहे, म्हणजे अकरा माणसांना सकाळचा स्वस्तातला शो लय फरक पाडतोय. भाऊबीजेच्या संध्याकाळी अजिबात जाऊ नका, दुसऱ्या दिवशी सकाळी जावा. ऑनलाइनला प्रत्येक तिकिटामागं वरचा चार्ज लागतोय त्यामुळे कुणाला तरी खिडकीवर पाठवून तिकिटं काढा आणि तिथंच विचारा की दारातून न चढता कुठल्या रांगेत जाता येतंय, अव्वांच्या गुडघ्यांचा प्रश्न सुटेल. डबा आत सोडतीलच असं नाही, सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये थिएटरवाल्यांना तो अधिकार दिलाय, पण प्यायचं पाणी फुकट द्यायला लागतंय आणि तान्ह्या बाळाचं खाणं नेऊ द्यायला लागतंय. एसीत गारठा असतो, अव्वांना चादर न्या. धाकटीच्या कानाला कापूस, आणि तिला कडेच्या खुर्चीवर घ्या, उठायला लागलं तर कुणाचे पाय तुडवायला नकोत.

पूर्वभागातली_सून
जाऊन आलो!! सकाळचा शो, तेलुगू, यू सर्टिफिकेट. रांगेचं आधी विचारलं होतं म्हणून अव्वांना एक पायरी चढायला लागली नाही. धाकटी इंटरव्हलनंतर झोपली पण रडली नाही. १४ वाली आधी तोंड फुगवून बसलेली की मला भाषा कळत नाही, मग अर्ध्या तासानं बघते तर उठून अव्वांच्या शेजारी जाऊन बसलेली, त्या सांगायलेत आणि ही ऐकायलीय. अव्वांनी चादर पांघरलीच नाही, मांडीवर घडी तशीच. बाहेर आल्यावर मी विचारलं आवडला का, तर म्हणाल्या पडदा लय मोठा झालाय गं आता. मग रिक्षात बसेपर्यंत काही बोलल्या नाहीत, आणि घराच्या दारात विचारलं, संक्रांतीला पोरी परत येणारेत ना?