१ जानेवारीचे संकल्प गोव्यात का टिकत नाहीत?

खाजन :
एरवी पाणी सोडून संकल्प करतात. जानेवारीत संकल्पावरच पाणी सोडायची पाळी येते. कारण आळस नव्हे, तारीख. नाताळ, ३१ची रात्र, घरात पाहुणे, पाठोपाठ फातर्प्याची जत्रा, म्हापशाच्या बोडगेश्वराची जत्रा. हॉटेल, टॅक्सी, शॅकवाल्यांचा तर हा ऐन हंगाम. त्यात "रोज ५ किमी चालणार, साखर बंद, महिन्याला १० हजार शिल्लक" असे तिन्ही एकदम! माझे मत : जानेवारीत १५ दिवस फक्त मोजा. किती चालणे होते, किती कप चहा, पैसा कुठे जातो. सुरुवात संवसर पाडव्याला, म्हणजे गुढीपाडव्याला.

मांडवीपार :
साफ असहमत, खाजनबाब. पाडव्याला चालायला लागलात तर पुढचे दोन महिने घामाच्या धारा आणि जूनमध्ये पाऊस. गोव्यात पहाटेचा गारवा मिळतो तो जानेवारीतच.

सवय मुरायला लागणारा काळही धरा. २१ दिवसांत सवय लागते, ही गोष्ट मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या नावावर सांगतात. नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान तेवढे दिवस लागतात, एवढेच त्याचे निरीक्षण होते. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, त्यात मध्य निघाला ६६ दिवस आणि पल्ला १८ ते २५४. १ जानेवारीला धरले तर ६६वा दिवस ७ मार्च. म्हणजे उकाडा वाढायच्या आत काम झाले.

फक्त "रोज चालेन" असे ठरवू नका, खूण ठरवा. संध्याकाळी पोदेराचा (दारोदार पाव विकणाऱ्याचा) भोंपू वाजला की पायात बूट.

अबोली :
खूण हवी हे शंभर टक्के खरे, पण पोदेर नको. तो कधी अर्धा तास उशिरा येतो, कधी येतच नाही, आणि त्या दिवशी चालणेही बुडते. खूण आपल्याच हातातली असावी. सकाळच्या चहाचा कप विसळून पालथा घातला की बूट. बूट दाराशी, मोजे त्यातच कोंबलेले.

आणि पडत्या दिवसाचे माप आधीच ठरवा. पाऊस किंवा पाहुणे असतील तर व्हरांड्यात १० मिनिटे, आणि तीही कालनिर्णयावर फुलीच्या लायकीची. एक चौकोन रिकामा राहिला तर बिघडत नाही (लॅलींच्या अभ्यासातही एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नव्हता). लागोपाठ दोन मात्र राहू द्यायचे नाहीत. खरी चूक होते ती "काल बुडले म्हणून आज दुप्पट" इथे. गुडघे धरतात, मग आठवडाभर सुट्टी.

खाजन :
चालण्यापुरते मान्य, अबोलीबाय. पैशाला मात्र हे लागू नाही. हंगामावर पोट असलेल्याची कमाई ऑक्टोबर ते मे. दरमहा सारखी रक्कम ठरवली की जूनमध्ये कोलमडणारच. पोस्टाच्या आरडीत (दरमहा हप्त्याच्या आवर्ती ठेवीत) चुकलेल्या हप्त्याला शंभरामागे १ रुपया दंड आणि चार हप्ते चुकले की खाते खंडित. जून ते सप्टेंबर बरोबर चारच महिने! म्हणून रक्कम नको, टक्का ठरवा. हंगामात कमाईच्या १५ टक्के, पावसात शून्य.

मांडवीपार :
टक्का म्हटला की दर महिन्याला हिशेब आणि निर्णय आला, आणि गळती तिथेच होते. "या महिन्यात गाडीचे टायर आहेत, पुढच्या वेळी बघू."

त्यापेक्षा पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची रीत वापरा. पावसाचे सुके मासे आणि सोलां (आमसुले) आपण मेमध्येच भरून ठेवतो ना? आरडीचे हप्तेही आगाऊ भरता येतात. जून ते सप्टेंबरचे चारही मेमध्ये भरून टाका. सहा भरले तर थोडी सूटही मिळते. हप्त्याची रक्कम मात्र सर्वांत मंद महिन्याला झेपेल तेवढीच धरा. हंगामातली वरकड वेगळ्या खात्यात.

अबोली :
हे पटले. पण तिन्ही संकल्प एकदम, यावर कुणीच बोलले नाही. पैसे एकदा भरले की मोकळे, त्यामुळे ते चालण्याबरोबर जमतात. साखर आणि चालणे एकत्र नको. दोन्हींना रोज लक्ष लागते. साखर कार्निव्हालनंतर घ्या, निदान दोदोल-बेबिंक ही नाताळची गोडधोडे तरी समोर नसतील.

खाजन :
बरें, पाडव्याचा हट्ट सोडतो. १५ दिवसांच्या मोजणीचा सोडत नाही. सहा कप चहा, कपाला दोन चमचे, चमचा साधारण ४ ग्रॅमचा धरा : ४८ ग्रॅम. "साखर बंद" तिसऱ्या दिवशी मोडते, पण दोनाचा एक चमचा केला तरी २४ ग्रॅम सुटले. न मोजता हा आकडा कळणार कुठून? आणि घरचा चमचा सपाट भरता की शिगोशीग, तेही एकदा बघा.