स्पॅनिश शिकायला परदेशात : अल्पसंख्य विद्यार्थ्यांनो, तुमचे अनुभव लिहा

पुण्या-मुंबईत स्पॅनिश शिकून पुढे स्पेनला किंवा लॅटिन अमेरिकेत जाणारी मुलं आता बरीच दिसतात. व्हिसा, खर्च, डेले ही स्पॅनिशच्या प्रमाणपत्राची परीक्षा, यांची माहिती कुठेही मिळते. पण नाव, रंग, धर्म किंवा जात यामुळे जे वाट्याला येतं, ते निघण्याआधी कुणी सांगत नाही. लोक आपल्याशी किती बोलतात यावर भाषा किती येणार हे ठरतं, आणि सगळ्यांशी ते सारखं बोलत नाहीत, असं माझं मत आहे. तुमचं काय झालं?

ग्रानादा

मी चिपळूणची, हिजाब घालते. स्पेनमधल्या ग्रानादा विद्यापीठाच्या भाषाकेंद्रात एक सत्र शिकले. वर्गात काही त्रास नव्हता, त्रास झाला खोली शोधताना. फोनवर "या की बघायला" म्हणणाऱ्या बाईंनी दारात मला पाहिलं आणि खोली आत्ताच गेली म्हणाल्या. जाहिरात नंतरही तशीच होती. रस्त्यात सगळे मला मोरोक्कन समजायचे. मी स्पॅनिशमध्ये विचारलं तरी काही दुकानदार बोटं दाखवून किंमत सांगायचे. शिकायला गेलेल्या माणसाचं यात किती नुकसान होतं, विचार करा.

मला बोलतं केलं ते आल्बायसिन या जुन्या वस्तीतल्या मशिदीने. २००३ साली उघडलेली ही मशीद; तिच्या बागेतून समोर आल्हाम्ब्रा, म्हणजे इथल्या मुस्लिम राजांचा किल्ला-राजवाडा, दिसतो. रमजानमध्ये इफ्तारला मोरोक्कन, सेनेगाली आणि मुसलमान झालेल्या स्पॅनिश बायका जमायच्या. माझी अरबी कुराण वाचण्यापुरती, त्यांना मराठी-उर्दूचा गंध नाही. मग सगळ्यांना मिळून एकच भाषा उरायची. हरीरा (मोरोक्कन सूप) खाली लागू नये म्हणून कसा ढवळायचा, कुणाच्या बाळाला दात येताहेत, घरमालक अनामत देत नसेल तर काय करायचं, सगळं स्पॅनिशमध्ये. शब्दाच्या शेवटचा 'स' गिळून बोलायची अंदालुसियाची ढबही मी तिथेच उचलली.

२ जानेवारीला हे शहर १४९२ साली इथलं मुस्लिम राज्य संपल्याचा दिवस साजरा करतं. नगरपालिकेच्या सज्जातून ध्वज फडकवतात. घरच्यांनी फोन करून सांगितलं होतं, बाहेर पडू नकोस. मी मैत्रिणींबरोबर गेले. पोटात गोळा आला होता. पण या सोहळ्याविरुद्ध उभे राहिलेल्यांत तिथलेच कितीतरी स्पॅनिश लोक होते, आणि त्यांच्यातल्या एका आजींनी मला तासभर सगळा वाद समजावून सांगितला.

सालामांका

नागपूर, बौद्ध. आधी कामाचं सांगतो. राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीला विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट आहे. सालामांकाचं विद्यापीठ १२१८ पासूनचं, तरी ते त्या अटीत बसत नाही. मी हे वेळीच तपासलं, पण माझ्यासारखे दोघं न तपासता अर्ज भरून बसले होते. माझ्यासाठी बहिणीने कर्ज काढलं.

इथे आडनाव सांगितल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. ते सुख मला पहिल्यांदा मिळालं. आणि पहिल्याच आठवड्यात भारतीय मुलांच्या जेवणात एकाने विचारलं, "पूर्ण नाव काय? म्हणजे नक्की कुठले तुम्ही?" पुढच्या जेवणाचं आमंत्रण आलं नाही. मी बिऱ्हाडातल्या स्पॅनिश मुलांबरोबर जेवायला लागलो, दुपारी तीनला आणि रात्री दहाला.

तोंडी परीक्षेच्या तयारीत आपल्या देशातल्या एका माणसावर बोलायचं होतं. मी बाबासाहेबांवर बोललो; १४ ऑक्टोबर १९५६, दीक्षाभूमी, माझे आजोबा त्या गर्दीत होते ते. बाईंनी व्याकरणाच्या चुका टिपणं थांबवून पेन खाली ठेवलं. कोलंबियाहून आलेल्या एका मुलीने नंतर कॉफी पिताना इतके प्रश्न विचारले की मला घरी फोन करून उत्तरं विचारावी लागली.

मेक्सिको सिटी

मी वसईचा ख्रिस्ती. आडनाव पोर्तुगीज वळणाचं, रंग सावळा. उनाम या मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या केंद्रात होतो. १९२१ पासून तिथे स्पॅनिश शिकवतात. मला कुणी परदेशी समजलंच नाही. बसवाले, भाजीवाले पूर्ण वेगात बोलायचे, त्यामुळे कान लवकर तयार झाला. १२ डिसेंबरला, ग्वादालुपेच्या मारियामातेच्या सणाला, तिच्या बासिलिकात (मोठ्या चर्चमध्ये) गुडघ्यांवर सरकत येणारे लोक पाहिले आणि घरच्या माणसांत असल्यासारखं वाटलं.

पण तिथलाच वाटण्याची दुसरी बाजूही पाहिली. मॉलमध्ये रखवालदार गोऱ्या वर्गमित्रांना सोडून माझ्या मागे फिरायचा. दक्षिणेतल्या ओआखाका राज्यातून आलेल्या माझ्या मिश्तेक या मूलनिवासी समाजातल्या मित्राला लहानपणी आईने बजावलं होतं, शाळेत आपली भाषा बोलू नकोस. त्याला स्पॅनिश उत्तम येतं. ते तो कसं शिकला हे ऐकल्यावर मला माझ्या प्रमाणपत्राचं फार कौतुक राहिलं नाही.

चिपळूणच्या ताईंना प्रश्न

मी सप्टेंबरला निघतेय, मीही हिजाब घालते. खोलीचं पुढे कसं जमवलंत?

ग्रानादा

मशिदीतल्या एका बाईंनी त्यांच्या ओळखीत लावून दिली. तू सुरुवातीला विद्यार्थी निवासात जागा घे, भारतातूनच पैसे पाठवून खोली पक्की करू नकोस. खोली बघताना पहिल्याच भेटीत विचार की त्या पत्त्यावर पालिकेत नोंदणी करू देणार का. निवास कार्डाच्या वेळी ती लागते आणि बरेच घरमालक टाळतात. पोचलीस की कळव, मी तुला त्या बाईंशी जोडून देते.