मदत हवी आहे: मॉरिशसचा जननदर कारखाने यायच्या आधीच कसा काय पडला?

नमस्कार मंडळी, मी ज्युनियर कॉलेजला भूगोल शिकवते. बारावीला लोकसंख्या संक्रमणाचा सिद्धांत आहे (आधी मृत्युदर पडतो, मग जन्मदर, आणि मधल्या काळात लोकसंख्या फुगते), त्याला दरवर्षी एखादा देश उदाहरणाला घेते, यंदा मॉरिशस घेतला आणि वर्गात चांगलीच अडकले.

मॉरिशसच का, तर तीन वर्षांपूर्वी तिकडं फिरायला गेलो होतो तेव्हा ओळखीतून ओळख निघाली आणि वाक्वाजवळ एका मराठी वंशाच्या घरी जेवायला गेलो. पूर्वज कोकणातून उसाच्या मळ्यावर मजूर म्हणून गेलेले, घरात सगळे क्रिओल (तिथली फ्रेंचवरून आलेली बोली) बोलणारे, आजींना तेवढी मोडकीतोडकी मराठी येत होती. मी सहज विचारलं, तुम्ही भावंडं किती? तर त्या बोटं मोजायला लागल्या, नऊवर थांबल्या, आणि मग जरा वेळानं दहावं बोट उघडलं, तो लहानपणीच तापानं गेला म्हणे. स्वतः आजींना तीन मुलं. नातीला एकच, आणि मी आपल्या सवयीप्रमाणं "मग दुसरं?" म्हणून विचारायला गेले तर तिनं हसून माझ्या ताटात आणखी एक फराता (तिकडचा पराठा) वाढला. विषय बंद :)

तर वर्गात मी असं सांगितलं. १९४९ पासून डीडीटी फवारून मलेरिया हटवला, मृत्युदर झपकन खाली आला, जन्म मात्र तसेच होत राहिले, त्यामुळं १९५२ ला पाच लाखांच्या आसपास असलेला देश १९६२ च्या जनगणनेत सात लाखांच्या आसपास. क्षेत्रफळ आपल्या सिंधुदुर्गाच्या निम्म्याहून कमी आणि पीक एकच, ऊस. जेम्स मीड नावाच्या अर्थतज्ज्ञानं (पुढं १९७७ ला नोबेल मिळालं) १९६१ मध्ये अहवाल दिला त्यात या बेटाचं काही खरं नाही असाच एकंदर सूर होता. मग १९७० ला निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा (परदेशी विकायचा माल बनवणाऱ्या कारखान्यांना सवलती देणारा) कायदा आला, कपड्यांचे कारखाने निघाले, बायका शिलाई मशीनवर बसल्या, पगार हातात आला, मुलं कमी झाली. वर्ग खूश, मी पण खूश.

तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची एक मुलगी म्हणते, "मॅडम, फळ्यावर तर १९६२ च्या आसपास बाईमागं सहा मुलं आणि १९७२ लाच सव्वातीन-साडेतीन लिहिलंय. कारखाने तर आत्ता कुठं यायला लागलेत." खडू हातातच राहिला माझ्या. बरं, मुलींचं शिक्षण म्हणावं तर माध्यमिक शिक्षण फुकट झालं १९७७ पासून, म्हणजे तेही नंतरच. दोन्ही हुकमी कारणं गळाली. सोमवारी सांगते म्हणून वेळ मारून नेली.

तर जाणकारांनी सांगा, दहा वर्षांत दर जवळपास निम्म्यावर येण्यासारखं १९६० नंतर तिथं नेमकं झालं काय? आणि दर एवढा पडूनही लोकसंख्या पुढं कितीतरी वर्षं वाढतच राहिली ते मुलांना सोप्यात कसं सांगू? "जागरूकता वाढली" छाप उत्तर नको, ते मीच देत असते.

प्रतिसाद १
ताई, कुटुंब नियोजनाचं काम तिथं बरंच आधी सुरू झालंय. तिथली कुटुंब नियोजन संघटना १९५७ ची आहे. सुरुवातीला विरोध होता, कॅथलिक चर्चला गोळ्या वगैरे मान्य नव्हत्या, पण गंमत अशी की त्यांनी नुसता विरोध न करता १९६३ ला 'आक्स्यों फामिलियाल' ही स्वतःची संस्था काढून पर्याय दिला, ती अंगाचं तापमान बघून दिवस पाळायची पद्धत शिकवायची. सरकारनं दोघांनाही पैसे दिले. बाईनं गोळी घ्यावी का दिवस मोजावेत हे तिचं तिनं ठरवायचं, पण जाईल तिथं कोणीतरी सांगणारं होतं. सक्ती नाही. आपल्याकडं आणीबाणीत काय झालं ते सांगायला नकोच.

प्रतिसाद २
वरचं बरोबर आहे पण अर्धंच. दुसरा अर्धा भाग लग्नाचा. पूर्वी भारतीय वंशाच्या मुलींची लग्नं पंधरा-सोळाला व्हायची, ती या काळात लांबली. प्राथमिक शाळेत मुली त्याआधीच जायला लागल्या होत्या (तुम्ही फक्त माध्यमिकचं साल बघताय), आणि साठच्या दशकात बेकारी एवढी की पोराला काम नाही तर लग्न कुठून करणार.

आता यातली मेख. तुम्ही फळ्यावर लिहिलेला आकडा त्या त्या वर्षातल्या जन्मांवरून काढलेला असतो, एकेका बाईला आयुष्यात शेवटी किती मुलं झाली तो नाही. समजा गावातल्या सगळ्या मुलींनी लग्न चार वर्षं पुढं ढकललं तर ती चार वर्षं पाळणे कमी हलणार आणि आकडा धाडकन पडल्यासारखा दिसणार, त्या मुलींना पुढं मुलं होणारच असली तरी. म्हणून उतार एवढा खडा दिसतो. नंतर बघा, सत्तरीच्या उत्तरार्धात दर तीनच्या आसपास अडकून बसला आणि तिथून दोनकडं आला तो ऐंशीच्या दशकात, कारखाने जोरात होते तेव्हा. तुमचे कारखाने चुकीचे नाहीत, पायरी चुकली. ते दुसऱ्या पायरीवर.

लोकसंख्या वाढत राहिली कारण पन्नाशीच्या दशकात जन्मलेल्या ढीगभर मुली पुढं आया झाल्या. प्रत्येकीला कमी मुलं, पण आयाच जास्त. आता तो साठा संपला. दर १.४ च्या आसपास आहे आणि २०११ आणि २०२२ च्या जनगणनेत लोकसंख्या जवळपास तेवढीच, साडेबारा लाखांच्या आत. २०२५ च्या बजेटमध्ये म्हातारपणाच्या पेन्शनचं वय ६० वरून टप्प्याटप्प्यानं ६५ करायचं काढलं तर केवढा गदारोळ झाला. आपणही हसायला नको, महाराष्ट्र २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १.७ वर होता.

धागाकर्ती
दोघांचेही खूप आभार! लग्न पुढं ढकलल्याचं डोक्यातच आलं नव्हतं. आजींना विचारायला हवं होतं लग्न कितव्या वर्षी झालं, तेवढंच राहिलं, त्यांच्या नातीला मेसेज टाकलाय. सोमवारी फळ्यावर उताराच्या दोन पायऱ्या काढते आणि तिसऱ्या बाकावरच्या बाईंनाच पुढं बोलावून समजावायला लावते. एक शंका अजून आहे, मॉरिशस देशातल्याच छोट्या रोद्रिग बेटावर दर मुख्य बेटापेक्षा जास्त राहिला असं वाचलंय, ते आकृतीत वेगळं दाखवू का? बारावीला झेपेल का नुसता गोंधळ होईल?