जाहिरातीत होतं, अ‍ॅग्रीमेंटमध्ये नाही

तुम्ही भाड्याने घेतलेल्या घराच्या जाहिरातीत पार्किंग आणि 24 तास पाणी होतं आणि आता मालक म्हणतोय अ‍ॅग्रीमेंटमध्ये कुठे लिहिलंय ते दाखवा, हे तुमच्या पोस्टमध्ये वाचून खरंच संताप आला. पण म्हणून तुमचा हक्क संपला असं समजू नका. खोटी माहिती देऊन करायला लावलेला करार बऱ्याच देशांच्या कायद्यात रद्द करून मागता येतो, फक्त त्या माहितीवर विसंबूनच तुम्ही घर घेतलं हे दाखवावं लागतं.

आधी जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढा, तारखेसकट, कारण ती कधीही गायब होते. माझ्या वेळी तक्रार केली आणि संध्याकाळपर्यंत जाहिरातीतली पार्किंगची ओळच उडवलेली, नशीब मी जुनी चॅट डिलीट केली नव्हती, त्यात 'हो, पार्किंग तुमचंच' असं मालकाने स्वतः लिहिलेलं. मग मुदत देऊन लेखी कळवा, फोनवर बोलणं झालं तरी नंतर मेसेज टाकाच.

आणि रागाच्या भरात भाडं थांबवू नका प्लीज, थकबाकी दाखवून उलट तुम्हालाच बाहेर काढतील. अ‍ॅग्रीमेंटमध्ये 'याव्यतिरिक्त कोणतंही आश्वासन दिलेलं नाही' असं कलम आहे का तेही बघा, असेल तर वकिलाला दाखवूनच पुढचं पाऊल टाका.