नुनावुत: इनुइट रोजगार संचालकाच्या हाती नेमकं काय असावं?

उत्तरायण:
कॅनडाच्या उत्तर टोकाचा नुनावुत हा प्रदेश १ एप्रिल १९९९ला वेगळा झाला. २५ वस्त्या, एकीतून दुसरीत जायला रस्ता नाही, २०२१च्या जनगणनेत लोकसंख्या ३६,८५८. त्यात साधारण ८५ टक्के इनुइट, म्हणजे तिथले मूळ रहिवासी. इनुइट आणि सरकार यांच्यातल्या १९९३च्या नुनावुत कराराचं कलम २३ म्हणतं, की सरकारी नोकऱ्यांतला इनुइटांचा वाटा त्यांच्या लोकसंख्येतल्या वाट्याइतका व्हावा. तोही फक्त एकूण बेरजेत नव्हे, तर प्रत्येक प्रकारच्या कामात आणि प्रत्येक श्रेणीत. प्रदेश सरकारात हा वाटा वर्षानुवर्षं निम्म्याच्या आसपास अडकलेला आहे. कार्यालयीन साहाय्याच्या जागांवर इनुइट भरपूर आहेत, पण मधल्या फळीतले व्यवस्थापक आणि व्यावसायिक पदवी लागणाऱ्या जागा पाहिल्या की आकडा कोसळतो.

हे बदलायला राजधानी इक्वालुइटमध्ये संचालक दर्जाची पदं आहेत. माझं म्हणणं, या पदाच्या कामाची आखणीच चुकली आहे. संचालक योजना लिहितो, प्रशिक्षणं भरवतो, तिमाही आकडे काढतो आणि खात्यांना सल्ला देतो. पण नेमणुकीचा निकाल जाहिरात निघायच्या आधीच लागलेला असतो, पदाच्या वर्णनपत्रात. समजा धोरण विश्लेषकाच्या जागेला ‘पदव्युत्तर पदवी आणि तीन वर्षांचा अनुभव’ असं लिहिलं, तर पंधरा वर्षं त्याच खात्याच्या फायली हाताळलेली, मंत्र्यांसाठी इनुक्तुतमध्ये, म्हणजे इनुइटांच्या भाषेत, टिपणं करणारी बाई छाननीतच गळते. करारातल्या २३.४मध्ये तर स्पष्ट लिहिलंय: विनाकारण फुगवलेल्या शैक्षणिक अटी काढा, निवड समितीत इनुइट घ्या, भाषा आणि संस्कृतीची जाण निकषांत मोजा. म्हणून जाहिरात निघण्याआधी वर्णनपत्र आणि छाननीचे निकष या दोन कागदांवर संचालकाची सही सक्तीची हवी. सही नसेल तर जाहिरात नाही.

शिरस्तेदार:
पूर्ण असहमत. त्या सरकारातल्या जवळपास एक तृतीयांश जागा रिकाम्या असतात. एक नेमणूक म्हणजे वर्णनपत्र, श्रेणीचं मूल्यांकन, जाहिरात, छाननी, मुलाखत, संदर्भ तपासणी, घराची सोय आणि मग नियुक्तिपत्र. यात सहज काही महिने जातात. त्यात आणखी एक सही घातलीत, की परिचारिका आणि समाजसेवकांच्या जागा अजून रेंगाळतील. आणि सेवा मिळत नाही याचा फटका बसतो इनुइट कुटुंबांनाच.

दुसरं, सहीचा अधिकार एका माणसाकडे गेला की खात्याचे प्रमुख हात झटकतात. ‘इनुइट नेमणूक? ते मनुष्यबळवाल्यांचं काम.’ करार प्रत्येक शासकीय संस्थेला स्वतःची इनुइट रोजगार योजना करायला सांगतो, आकडे आणि मुदतीसकट. त्या योजनेची जबाबदारी त्या खात्याच्या उपमंत्र्याच्या वार्षिक मूल्यमापनात घाला. (मराठी वाचकांसाठी: तिकडे उपमंत्री म्हणजे निवडून आलेला माणूस नव्हे, आपल्याकडच्या सचिवासारखा प्रशासकीय प्रमुख.) संचालकानं आरसा धरावा, दाराशी पहारा देऊ नये.

तिसरा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. स्पर्धेची वाट अरुंद केली की व्यवस्थापक मागच्या दाराने जातात. तात्पुरती नेमणूक स्पर्धेशिवाय होते. काही महिन्यांसाठी माणूस घ्यायचा, मुदत वाढवत राहायची.

उत्तरायण:
तिसऱ्या मुद्द्यावर तुम्ही माझीच बाजू मांडलीत. तात्पुरत्या नेमणुकीवर दक्षिणेतून, म्हणजे उर्वरित कॅनडातून, आलेला माणूस सहा-आठ महिने त्या खुर्चीवर बसतो. जागेची रीतसर जाहिरात निघते, तेव्हा ‘संबंधित कामाचा अनुभव’ या रकान्यात त्याचेच गुण जास्त. अग्रक्रम धोरणानुसार पात्र इनुइट अर्जदाराला आधी संधी आहे खरी, पण पात्रतेची पट्टीच त्या माणसाच्या मापाने कापलेली असते. म्हणून सही तात्पुरत्या नेमणुकीच्या मुदतवाढीवरही हवी.

उशीर टाळता येतो. निकषांची छाननी जागा रिकामी झाल्यावर कशाला करायची? एका खात्यात एकाच धाटणीची कितीतरी वर्णनपत्रं असतात. वर्षातून एकदा सगळी एकत्र तपासून मंजूर करून ठेवा. परिचारिकेची नोंदणी, अभियंत्याचा परवाना यांसारख्या कायद्याने लागणाऱ्या अटींना हात लावायचा नाही. बाकी जिथे ‘पदवी’ लिहिलंय, तिथे त्या कामातलं नेमकं कोणतं काम पदवीशिवाय होत नाही, हे व्यवस्थापकानं लेखी द्यावं. बऱ्याच ठिकाणी ते लिहिता येणार नाही.

पाटीपुस्तक:
तुम्ही दोघंही वरच्या मजल्यावर भांडताय, जिन्याच्या पायऱ्याच गायब आहेत. कराराच्या अंमलबजावणीसाठी नेमलेले मध्यस्थ थॉमस बर्जर यांनी २००६च्या अहवालात हेच मांडलं होतं. तेव्हा सरकारातला इनुइट वाटा ४५ टक्के होता आणि शाळा पूर्ण करणारी इनुइट मुलं चारातलं एक. पात्र मनुष्यबळ जवळपास सगळं कामाला लागलेलं आहे, पुढची वाढ शाळेतून आणि तीही द्विभाषिक शाळेतूनच येईल, हा त्यांचा निष्कर्ष. पुढे काय झालं? २००८च्या शिक्षण कायद्याने २०१९-२० पर्यंत सगळ्या इयत्तांत द्विभाषिक शिक्षण देऊ म्हटलं. शिक्षकच नव्हते. २०२०च्या दुरुस्तीने मुदत थेट २०३९पर्यंत ढकलली. २०२१मध्ये इनुइटांची संस्था नुनावुत तुंगाविक याच प्रश्नावर कोर्टात गेली.

मूल लहान इयत्तांत इनुक्तुतमध्ये शिकतं, मग चौथीच्या आसपास शिकवण्याची भाषा एकदम इंग्रजी होते. दोन्ही भाषा अर्धवट राहतात. बारा वर्षांनी तीच मुलं अर्जदार म्हणून समोर येतात. संचालकाने सही केली काय, न केली काय. त्याच्या कामाचा अर्धा वेळ शिक्षक प्रशिक्षणाच्या जागा वाढवण्यात जावा, असं माझं मत.

नेमका_मुद्दा:
पाटीपुस्तक, शाळेचं तुमचं निदान बरोबर आहे, पण त्याचा परिणाम दिसायला वीस वर्षं लागतात. आज सरकारात बसलेले शेकडो इनुइट कर्मचारी तुमच्या हिशेबात कुठे आहेत? कार्यालयीन साहाय्याच्या जागांवर दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं काढलेले लोक आहेत. त्यांना वर आणायचा रस्ता आहे, त्याचं नाव सिवुलिक्तिक्सात. नेतृत्वाच्या जागांसाठीची ही उमेदवारी योजना आहे. संचालकाची खरी कसोटी इथे लागते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

खातं एक जागा निश्चित करतं, म्हणजे अमुक विभागाचा व्यवस्थापक. उमेदवार फक्त नुनावुत इनुइटांतून निवडतात. त्याला पगार मिळतो, एक प्रशिक्षक नेमला जातो, शिकण्याचा लेखी आराखडा होतो, आणि साधारण एक ते तीन वर्षांत तो ती जागा घेतो. कागदावर उत्तम. बिघडतं ते असं:

प्रशिक्षक टिकत नाही. दक्षिणेतून आलेला व्यवस्थापक दोन वर्षांत परत जातो, आणि आठ महिने झालेला उमेदवार पोरका होतो. नवा व्यवस्थापक म्हणतो, मलाच काम कळलेलं नाही, याला काय शिकवू. उपाय: प्रत्येक उमेदवाराला दोन प्रशिक्षक, त्यातला एक दुसऱ्या खात्यातला किंवा निवृत्त इनुइट अधिकारी, आणि आराखडा व्यक्तीशी न बांधता कामांच्या यादीशी बांधायचा.

मग पैशाचा पेच. जागा भरलेली असताना उमेदवार घेतला तर एकाच कामाचे दोन पगार. खात्याच्या अंदाजपत्रकात दुसऱ्या पगाराची तरतूद नसते, म्हणून खातं रिकामी जागाच उमेदवारीसाठी देतं. म्हणजे ज्याच्याकडून शिकायचं तोच खुर्चीत नाही, आणि शिकणाऱ्यावर पहिल्या दिवसापासून पूर्ण खुर्चीचा भार. हे सगळ्यात घातक. दुसऱ्या पगाराचा निधी संचालकाच्या हातात मध्यवर्ती असला पाहिजे. सहीपेक्षा हा निधी मोठा अधिकार आहे.

शेवटचं, आराखड्यात काय लिहितात ते पाहा. ‘बैठकांना उपस्थित राहणे’, ‘धोरणांचा अभ्यास करणे’. याने कोणी व्यवस्थापक होत नाही. पहिल्या सहा महिन्यांत एका छोट्या अंदाजपत्रकावर खर्चाच्या सहीचा अधिकार, वर्षाच्या आत एका निवड समितीचं अध्यक्षपद, दुसऱ्या वर्षी दोन-तीन माणसांचं मूल्यमापन, अशी कामं हवीत. इनुइटांचं स्वतःचं तत्त्व आहे पिलिम्माक्सार्निक: बघत, करत, सराव करत कौशल्य मिळवणं. सरकारी कागदांवर ते छापलेलं असतं, उमेदवारीत मात्र माणसाला नुसतं बघत बसवतात.

शिरस्तेदार:
निधी मध्यवर्ती ठेवण्याला माझा पाठिंबा. पण दोन-तीन वर्षांनी उमेदवार तयार नसेल तर? नेमणूक आपोआप झाली, तर त्याच्या हाताखालचे इनुइट कर्मचारीच सगळ्यात आधी भरडले जातात. थांबवायचं कोणी आणि कशावरून, हे पहिल्या दिवशी लिहिलेलं हवं.

नेमका_मुद्दा:
मान्य. दर सहा महिन्यांनी तपासणी, आणि ती प्रशिक्षकाच्या मतावर नाही तर केलेल्या कामांवर. दोन तपासण्यांत तीच कामं अपुरी राहिली तर मुदतवाढ किंवा जुन्या पदावर परत. परतीचा हक्क लेखी असलाच पाहिजे. तो नसेल तर पंधरा वर्षांची पक्की नोकरी सोडून कोण येईल?

उंबरठा:
घराबद्दल अजून कोणीच बोललं नाही. प्रदेशात सार्वजनिक घरांचं भाडं उत्पन्नावर ठरतं. पगार वाढला की भाडंही वाढतं. बढती मिळालेल्या बाईच्या हातात वाढीतला किती पैसा उरतो, हे नियुक्तिपत्र देताना तिला कोणी सांगत नाही. पांगनिर्तुंगसारख्या वस्तीतून इक्वालुइटला बदली म्हणजे तिथलं घर सोडायचं आणि राजधानीत प्रतीक्षायादीच्या तळाला जायचं. दक्षिणेतून येणाऱ्यासाठी कर्मचारी निवासस्थान शोधलं जातं, गावातच राहणाऱ्या अर्जदारासमोर मात्र ‘या पदासोबत घर नाही’ अशी ओळ छापलेली जाहिरात येते, आणि ती एका घरात नऊ माणसांबरोबर राहत असते. रात्री अहवाल कुठे बसून लिहायचा?

माझ्या मते संचालकाला कर्मचारी घरांच्या वाटप समितीत मतासह जागा हवी. उमेदवारी योजनेसाठी काही घरं राखून ठेवायला हवीत. शक्य असेल ती पदं वस्तीतच न्यायला हवीत. विकेंद्रीकरण हे तर या सरकारचं मूळ वचन होतं.

पाटीपुस्तक:
पाळणाघरही जोडा त्यात. जागा मिळत नाही म्हणून प्रशिक्षण सोडणाऱ्या आया प्रत्येक वस्तीत सापडतील.

सह्यकडा:
वेगळा प्रश्न. हे संचालकपद स्वतःच फक्त इनुइटांसाठी राखीव असावं का? आपल्याकडे अनुसूचित क्षेत्रात स्थानिक आदिवासींसाठी शंभर टक्के शिक्षकपदं राखण्याचा आंध्रचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२०मध्ये रद्द केला. महाराष्ट्रातली पेसा भरती त्याच वादात लटकली. पूर्ण बंदिस्त भरती कायद्यात टिकत नाही, आणि उमेदवार मिळाला नाही तर जागा रिकामी राहते. मग पुन्हा कोणीतरी प्रभारी.

उत्तरायण:
सह्यकडा, पेसाची आठवण योग्य आहे, पण पाया वेगळा. नुनावुत करार हा आधुनिक तह आहे आणि कॅनडाच्या १९८२च्या घटना कायद्याच्या कलम ३५चं संरक्षण त्याला आहे. इनुइटांनी जमिनीवरचा आपला मूळ हक्क सोडून दिला, त्याच्या बदल्यात आलेली ही बांधिलकी आहे. सरकारची मेहेरबानी नव्हे. करार पाळला नाही म्हणून नुनावुत तुंगाविकने २००६मध्ये केंद्र सरकारवर १ अब्ज डॉलरचा दावा लावला. २०१५मध्ये २५ कोटी ५५ लाख डॉलरवर तडजोड झाली, आणि त्यातला मोठा भाग इनुइट प्रशिक्षणासाठी गेला. त्यामुळे केवळ इनुइटांसाठी स्पर्धा ठेवणं तिथे चालतं.

आणि हो, हे पद राखीवच असावं. इनुक्तुत ‘असल्यास प्राधान्य’ नव्हे, ‘आवश्यक’. पंचवीस वस्त्यांत जाऊन लोकांशी भरतीबद्दल बोलायचं काम दुभाष्याकरवी होत नाही.

नेमका_मुद्दा:
राखीव ठेवण्याला माझी हरकत नाही, इनुक्तुतच्या सरसकट सक्तीला आहे. शाळेने ज्यांची भाषा हिरावली, अशा इनुइट तरुणांना तुम्ही पुन्हा एकदा दाराबाहेर उभं करताय. पश्चिमेकडे केंब्रिज बे भागातली भाषा इनुइन्नाक्तुन, ती बोलणारे तर फार थोडे उरलेत. नेमणुकीच्या दिवशी भाषा मागण्याऐवजी तीन वर्षांत ठरलेल्या पातळीपर्यंत पोचण्याची अट घाला. कामाच्या वेळेत, पगारी शिकवणी द्या. वर कोणीतरी म्हणालं की फुगवलेल्या अटी काढा. भाषेची अटही काही जणांसाठी तशीच ठरते.

उत्तरायण:
इतर पदांसाठी तुमचं मान्य. या एका पदासाठी नाही. २००८च्या इनुइट भाषा संरक्षण कायद्याने कर्मचाऱ्याला इनुक्तुतमध्ये काम करण्याचा हक्क दिलाय. तो हक्क मागायला ज्या दारात जायचं, तिथेच इंग्रजी बोलावं लागलं तर हक्काला अर्थ काय?

शिरस्तेदार:
वेळेचा मुद्दा राहिलाच. १८ जानेवारी २०२४ला जमीन आणि खनिजांचा कारभार केंद्राकडून नुनावुतकडे सोपवण्याचा करार झाला. १ एप्रिल २०२७ ही हस्तांतरणाची तारीख ठरली. जमीन व्यवस्थापन, खाण निरीक्षण, पाणी-परवाने अशी कामं प्रदेशाकडे येतात. केंद्राचे कर्मचारी त्या कामासोबत आले, तर अनुभवाच्या रकान्याचा तोच खेळ नव्याने सुरू होतो. उत्तरायण, सहीच्या मुद्द्यावर मी अजूनही विरोधात आहे, पण या नव्या पदांची वर्णनपत्रं कोरी असतानाच संचालक त्या टेबलावर हवा. एकदा श्रेणी ठरली, की ती खाली-वर करायला पुन्हा पूर्ण मूल्यांकन करावं लागतं.

नेमका_मुद्दा:
मग दुसऱ्या पगाराचा निधीही त्याच टेबलावर मागून घ्या. खाण निरीक्षक दोन वर्षांत तयार होत नाही. केंद्राचा निरीक्षक खुर्चीत असतानाच इनुइट उमेदवार त्याच्या शेजारी बसला पाहिजे.