लुईस-क्लार्क मोहिमेत डॉक्टर का नव्हता?

टेकडीकर, कोथरूड
लेकीच्या प्रोजेक्टसाठी वाचतोय. लुईस आणि क्लार्क या दोघांनी नेलेली अमेरिकेतली शोधमोहीम, १८०४ ते १८०६, मिसूरी नदीने वर जात थेट पॅसिफिकपर्यंत. तीसेक माणसं, अस्वलं, बर्फ, आणि सोबत एकही डॉक्टर नाही! तरी दगावला एकच. हे जमलं कसं?

खलबत्ता, नारायण पेठ
औषधाच्या दुकानात जन्म गेला, म्हणून बोलतो. डॉक्टर नेला असता तरी त्याच्या पेटीत तेच निघालं असतं. १८०३ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेफरसनने लुईसला फिलाडेल्फियाला तिथल्या नामांकित डॉ. बेंजामिन रशकडे धाडलं होतं. औषधांचं बिल ९० डॉलर ६९ सेंट. त्यात १५ पौंड तापावरची सिंकोनाची साल, अफू, रक्त काढायची पाती, बस्तीच्या पिचकाऱ्या, आणि रशच्या गोळ्या ५० डझन! गोळीत कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचा क्षार, आणि जलाप, आपल्या निशोत्तराच्या कुळातली मुळी. दोन्ही जहाल रेचक. रोग कुठलाही असो, आधी कोठा साफ. आमच्या गल्लीतले जुने वैद्यसुद्धा इतके हात धुऊन मागे लागत नसत.

लुईसची आई झाडपाल्याची जाणकार होती. १८०५ च्या जूनमध्ये पोटात कळा येऊन ताप भरला, तेव्हा त्याने रानचेरीच्या काटक्यांचा काढा करून घेतला आणि दुसऱ्या दिवशी चालू लागला. मला विचाराल तर अख्ख्या पेटीपेक्षा हा काढा भारी.

शनिवारवाली
काका, आणि मोहिमेसोबत असलेली शोशोनी जमातीची सकागवीया? त्याच महिन्यात ती मरणाच्या दारात होती. क्लार्कने उपचार म्हणून तिचं रक्त काढलं, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा!

खलबत्ता
हो, आणि तान्हं मूल अंगावर. नंतर लुईसने साल आणि अफूचे शेक दिले, गंधकाच्या झऱ्याचं पाणी पाजलं. ती उठली. कशाने, देव जाणे.

टेकडीकर
आणि तो गेलेला?

खलबत्ता
सार्जंट फ्लॉइड, २० ऑगस्ट १८०४. बहुधा अपेंडिक्स फुटलं असावं. त्याचं ऑपरेशन रूढ व्हायला आणखी ऐंशीएक वर्षं होती, तेव्हा खुद्द रश तंबूत असता तरी काय करणार?

लेकीला एक मात्र सांगा. मोंटानात लोलोजवळच्या मुक्कामाच्या जागी उत्खनन झालं, तेव्हा संडासाच्या चराच्या मातीत पारा सापडला. इतिहासकारांना छावणीचा माग रशच्या गोळ्यांनी दिला. बाई तपासतील तेव्हा हसतील, पण मार्क देतील.