डीआरएनबी रेसिडेंट्सना ट्रान्सलेशनल रिसर्च शिकवायचा, तर सुरुवात कुठून करावी?

कर्वेरोड_ऑन्को

नमस्कार. आमच्याकडे यंदा मेडिकल आणि सर्जिकल ऑन्कॉलॉजी मिळून तीन डीआरएनबी (एमडी-एमएसनंतरचा सुपरस्पेशालिटी अभ्यासक्रम) रेसिडेंट येताहेत. ओपीडी, वॉर्ड आणि केमो डेकेअर सांभाळून त्यांना ट्रान्सलेशनल रिसर्च (प्रयोगशाळेतलं ज्ञान रुग्णाच्या उपचारापर्यंत नेणारं संशोधन) नीट शिकवायचा आहे. पहिले सहा महिने दर शनिवारी लेक्चर (जीनोमिक्स, इम्युनोथेरपी, लिक्विड बायोप्सी म्हणजे रक्तातून कॅन्सरची तपासणी), नंतर तीन महिने पुण्यातल्या पाषाण किंवा गणेशखिंडीतल्या एखाद्या प्रयोगशाळेत, मग थीसिस, अशी आखणी आहे. एका थीसिसचा विषय जवळपास ठरलाय: ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, पीआर, हर-२ तिन्ही नसलेल्या) स्तनाच्या कॅन्सरमध्ये रक्तातला ट्यूमर डीएनए (सीटीडीएनए) आणि आजार उलटणे. ४० रुग्ण मिळतील. यात काय चुकतंय ते स्पष्ट सांगा.

ब्लॉक_आणि_स्लाइड

क्रम चुकतोय. जीनोमिक्सचं लेक्चर सहा महिन्यांनी दिलं तरी चालेल. पहिले दोन आठवडे रेसिडेंटला एकच काम द्या: गाठीबरोबर चालत जायचं. सर्जनने रक्तपुरवठा तोडला ती वेळ, नमुना ओटीबाहेर आला ती वेळ, फॉर्मॅलिनमध्ये पडला ती, कापला ती आणि प्रोसेसरमध्ये (ऊतीत मेण भरणारं मशिन) गेला ती. या पाचही वेळा वहीत लिहायच्या, असे वीस नमुने.

वीस नमुन्यांत कळतं की बरणी ओटीबाहेरच्या रॅकवर वॉर्डबॉय मामांच्या पुढच्या फेरीची वाट बघत पडून असते. ईआर, पीआर, हर-२ (उपचार ठरवणारी गाठीवरची प्रथिनं) तपासण्यासाठी नमुना तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये जायला हवा आणि तिथे किमान ६, जास्तीत जास्त ७२ तास राहायला हवा. फॉर्मॅलिन ऊतीत तासाला जेमतेम १ मिलिमीटर शिरतं. अख्खा स्तन न कापता बादलीत टाकला, तर ३ सेंटिमीटर आतली गाठ दुसऱ्या दिवशीसुद्धा मध्यभागी कच्चीच असते. कागदावर '१८ तास फिक्सेशन' असतं, प्रत्यक्षात आरएनए केव्हाच गेलेला असतो. म्हणून आधी कडांना शाई, मग ५ ते १० मिलिमीटरचे काप, कापांमध्ये गॉज आणि नमुन्याच्या दहापट फॉर्मॅलिन. शनिवारी संध्याकाळची ऑपरेशन्स यासाठी मुद्दाम तपासा.

फॉर्मॅलिन बफर केलेलं आहे का, हेही रेसिडेंटने स्वतः बघायचं. १ लिटरसाठी बाजारातलं ३७–४० टक्के फॉर्मॅलिन १०० मिली, डिस्टिल्ड पाणी ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट (मोनोहायड्रेट) ४ ग्रॅम, डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट (निर्जल) ६.५ ग्रॅम. पीएच ७ च्या आसपास यायला हवा. नुसतं पाणी घालून केलेलं फॉर्मॅलिन हळूहळू आम्लधर्मी होतं आणि डीएनएचे तुकडे पडतात. सिक्वेन्सिंगमध्ये सी च्या जागी टी असे खोटे बदल ढिगाने दिसले, तर शोध लागला म्हणून आनंद करण्याआधी ब्लॉकचा (मेणात बसवलेल्या नमुन्याचा) इतिहास काढायचा, कारण फॉर्मॅलिनमुळे हेच होतं.

तुमच्या विषयाबद्दल एक. केमो आधी देऊन नंतर ऑपरेशन होणार असेल, तर ज्या बाईंची गाठ पूर्ण विरघळेल त्यांच्या ऑपरेशनच्या नमुन्यात कॅन्सर उरणारच नाही. त्यांच्या गाठीचा एकमेव पुरावा म्हणजे सुरुवातीची कोअर बायोप्सी (जाड सुईने काढलेला तुकडा). ती बहुतेक वेळा सातारा, बारामती किंवा नगरला झालेली असते आणि ब्लॉक रुग्णाच्या फाइलबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत येतो. तो पहिल्याच भेटीत ताब्यात घ्या, पोच द्या, एच अँड ई (नेहमीच्या रंगाची स्लाइड) कापून गाठीचा भाग पॅथॉलॉजिस्टकडून आखून घ्या. सिक्वेन्सिंगसाठी त्यात किमान २० टक्के गाठीच्या पेशी हव्यात. जास्तीच्या स्लाइड आधीच कापून कपाटात ठेवू नका. उघड्या काचेवर अँटिजेन (चाचणीत रंगणारं प्रथिन) उतरत जातो. लागतील तेव्हाच कापा.

सेंट्रिफ्यूज

वरच्या प्रत्येक वाक्याला अनुमोदन. आता रक्ताचं.

सीटीडीएनएसाठी सीरम चालत नाही. रक्त गोठताना पांढऱ्या पेशी फुटतात आणि त्यांचा डीएनए गाठीच्या डीएनएला बुडवून टाकतो. साध्या ईडीटीए (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत १० मिली घ्या, ८–१० वेळा हलक्या हाताने उलटी करा आणि दोन तासांत फिरवा. ओपीडी दुपारी लांबली आणि नळी चार तासांच्या पुढे राहिली, तर तेच पांढऱ्या पेशींचं दुखणं. १ टक्का असलेलं म्युटेशन बाहेरचा तेवढाच डीएनए मिसळला की ०.५ टक्क्यावर येतं आणि चाचणी 'निगेटिव्ह' म्हणते. इतक्या वेळेत जमणारच नसेल, तर पेशी टिकवणाऱ्या खास नळ्या घ्या. महाग आहेत, पण त्या खोलीच्या तापमानाला काही दिवस टिकतात.

पहिलं फिरवणं १६०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या १६०० पट) ला १० मिनिटं, ब्रेक बंद ठेवून. वरचा प्लाझ्मा काढताना पांढऱ्या थराच्या वर अर्धा सेंटिमीटर सोडून द्या. इथे सगळ्यांचा हात लोभी होतो. दुसरं फिरवणं १६,००० जी ला १० मिनिटं, तळाचा थोडा भाग टाकून द्यायचा, १ मिलीच्या भागांत उणे ८० ला. पांढरा थर वेगळा जपा. रक्तपेशींचे स्वतःचे वयपरत्वे होणारे बदल वजा करायला तोच लागतो.

मशिनवर आरपीएम (मिनिटाला फेरे) असतो आणि प्रोटोकॉलमध्ये जी. रोटरची त्रिज्या १६ सेंमी असेल तर ३००० आरपीएम म्हणजे जवळपास १६०० जी, पण १० सेंमीच्या छोट्या मशिनवर तेच ३००० म्हणजे फक्त १००० जी. सूत्र: ०.००००१११८ × त्रिज्या (सेंमी) × आरपीएम × आरपीएम. हे गणित रेसिडेंटकडून फळ्यावर करून घ्या.

ऑपरेशननंतर लगेच रक्त घेऊ नका. जखमेतूनच भरपूर डीएनए रक्तात उतरतो. दोन ते चार आठवडे थांबा.

तीन महिने प्रयोगशाळेत ठेवण्याबाबत माझं मत वेगळं आहे. रेसिडेंटला पिपेटिंगमध्ये पारंगत करून काय साधणार? तीन आठवडे पुरेत, पण त्यात बिघडलेले नमुने दाखवा. रक्तातला मोकळा डीएनए साधारण १६६ बेस-जोड्या लांबीचा असतो. तुकड्यांच्या लांबीच्या आलेखावर तिथे शिखर हवं. उजवीकडे लांब तुकड्यांचा डोंगर दिसला की पांढऱ्या पेशी फुटल्या. हे डोळ्यांना ओळखता आलं पाहिजे. पुण्यात एनसीसीएस (पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्था) आणि आयसर (विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) दोन्ही हाकेच्या अंतरावर आहेत. आयसर आणि प्रशांती कॅन्सर केअर मिशनचं संयुक्त ट्रान्सलेशनल केंद्रही आहे, नमुनापेढी कशी चालते ते परवानगी काढून बघून घ्या.

आणि पाषाणला नमुना पाठवताना: गोठवलेला असेल तर ड्राय आइस, विद्यापीठ चौकात गाडी तासभर अडकेल असं धरूनच भरा. जिवंत पेशी वाढवायच्या असतील तर ड्राय आइस अजिबात नको, माध्यमात, २ ते ८ अंशांवर.

आकडेमोड

विषय बदला, किंवा निदान प्रश्न बदला. ४० रुग्ण हा तुमचा आकडा नाही. किती जणींचा आजार उलटतो, तो तुमचा आकडा. रुग्ण जमवायला दीड वर्ष, थीसिस तिसऱ्या वर्षी जमा, म्हणजे शेवटच्या रुग्णाचा पाठपुरावा काही महिन्यांचाच. तोवर १० जणींचा आजार उलटला असं धरलं, तरी दर चलामागे दहा घटना या ढोबळ नियमाने संख्याशास्त्रीय मॉडेलमध्ये एकच चल (व्हेरिएबल) बसेल. स्टेज घेतली की सीटीडीएनएला जागा नाही.

याऐवजी प्रश्न असा: केमोच्या मध्यावर सीटीडीएनए नाहीसा झाला, तर ऑपरेशनमध्ये गाठ पूर्ण गेलेली सापडते का? प्रत्येक बाईचं उत्तर पाच-सहा महिन्यांत हातात येतं.

पॉझिटिव्ह कशाला म्हणायचं ती रेषा नमुने तपासण्याआधी लिहून ठेवा. नंतर सगळ्यात चांगला पी-व्हॅल्यू देणारी रेषा शोधायची नाही. गाठ गेलेल्यांचे नमुने एका प्लेटवर आणि उरलेल्यांचे दुसऱ्यावर, असंही नको. नाहीतर मोजाल तो प्लेटमधला फरक. २००५ ची रिमार्क (ट्यूमर मार्करचे अभ्यास कसे मांडायचे याची) मार्गदर्शक सूची पहिल्या महिन्यातच हातात द्या.

कर्वेरोड_ऑन्को

तिघांचे मनापासून आभार. प्रश्न बदलतो, लेक्चर पुढे ढकलतो. संमतीचं काय? सध्या ऑपरेशनच्या सकाळी सही घेतली जाते.

संमतीपत्र

त्या सकाळी अजिबात नको. उपाशी, घाबरलेला माणूस कशावरही सही करतो. भूलपूर्व तपासणीच्या दिवशी किंवा पहिल्या केमोच्या आधीच्या भेटीत, नातेवाइकांसमोर, मराठीत. उपचाराची संमती वेगळी, नमुना साठवायची वेगळी. रेसिडेंटला हे वाक्य मोठ्याने म्हणता आलं पाहिजे: "तपासणीला लागतं तेवढं वापरून झाल्यावर जो तुकडा उरेल तो आम्ही संशोधनासाठी ठेवू का? नाही म्हणालात तरी उपचारात काही फरक पडणार नाही." पुढच्या संशोधनासाठी वापरणं, जनुकीय तपासणी, निकाल कळवणं, यांना स्वतंत्र हो/नाही चौकटी. लिहिता-वाचता येत नसेल तर अंगठा आणि हॉस्पिटलशी संबंध नसलेला साक्षीदार.

आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची नीतितत्त्वं हा मूळ आधार. उपचार बदलून बघणारी क्लिनिकल ट्रायल असेल तर पहिल्या रुग्णाच्या आधी सीटीआरआय (भारतातली ट्रायल्सची नोंदवही) नोंदणी हवीच, १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी घेत नाहीत. तुमचा निरीक्षणात्मक अभ्यास असला तरी नोंदवा. पाषाणला नमुने पाठवण्याआधी दोन्ही संस्थांचा लेखी करार आणि दोन्हीकडच्या एथिक्स कमिटीची मंजुरी लागेल. यालाच सगळ्यात जास्त वेळ जातो, तेव्हा रेसिडेंट रुजू झाला त्याच आठवड्यात अर्ज लिहायला बसवा.